एका मशीनवर अख्खं गाव: लिनक्सची राखण शिकताना

मंडळाच्या खोलीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर एकच खातं होतं, आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. सोसायटीचा हिशेब लिहिणारे काका, मराठी-कन्नड लग्नपत्रिका जुळवणारी अक्का आणि शाळा सुटल्यावर येणारी पोरं, सगळे त्याच एका दारातून आत. एका उन्हाळ्यात कुणा पोराने "डेस्कटॉप लई भरलाय की" म्हणून तो झाडून काढला. त्यात काकांची भिशीची वही गेली. काका आठवडाभर बोलले नाहीत. पोराशी नव्हे, माझ्याशी. कारण कॉम्प्युटर 'बघायचो' मी.

काकांचा राग रास्त होता. पोराला ती फाइल पुसता येणारच नाही अशी सोय मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून होती, मी ती वापरली नव्हती. तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. शाळेची लॅब असो, निपाणीतलं एखादं दुकान असो किंवा घरातला सगळ्यांचा मिळून एक डेस्कटॉप असो, एका मशीनवर अनेक माणसं बसतात तिथे हे लागू पडतं.

आमची अडचण तशी जुनीच आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सुरू केलं, तेव्हा मशीन एक आणि त्याला जोडलेली माणसं अनेक अशीच गत होती. कोणाची फाइल कोणाच्या हाताला लागावी हा विचार त्यामुळे युनिक्सच्या पायातच आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं, त्यातही तोच विचार आला. आमच्या मशीनला ४ जीबी रॅम, म्हणून त्यावर लिनक्सचाच एक हलका अवतार, झुबुंटू घातलंय. तुम्ही उबुंटू घातलंत तरी खालचं सगळं तसंच चालेल. आवृत्ती मात्र एलटीएस, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी घ्या. मूळ उबुंटूच्या एलटीएसला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात, झुबुंटूसारख्या भावंडांना ३.

एक सूचना आधीच. आज्ञा मी देवनागरीत, अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

आत कोण कोण आहे

टर्मिनल उघडा आणि नुसतं 'आयडी' टाइप करून एंटर मारा. तुमचं नाव, तुमचा नंबर आणि तुम्ही कोणकोणत्या गटांत आहात ते दिसेल. या नंबराला यूआयडी म्हणतात. उबुंटूच्या घराण्यात माणसांचे नंबर १००० पासून सुरू होतात. ० नंबर रूटचा, त्याला कुठलंच दार बंद नसतं. मधले नंबर छपाई, नेटवर्क अशा आतल्या नोकरचाकरांचे.

आता 'कॅट /ईटीसी/पासडब्ल्यूडी' करून बघा. एका ओळीत एक खातं, आणि ओळीत विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेले सात रकाने: नाव, एक एक्स, यूआयडी, मुख्य गटाचा नंबर, पूर्ण नाव वगैरे माहिती, घराचा पत्ता आणि शेल, म्हणजे आज्ञा ऐकून चालवणारा प्रोग्रॅम. एक्सच्या जागी पूर्वी पासवर्डचं कूटरूप असायचं. ही फाइल सगळ्यांना वाचता येते, म्हणून ते उचलून '/ईटीसी/शॅडो' मध्ये नेलं. ती फाइल तुम्हा-आम्हाला उघडत नाही.

या यादीतली एक गोष्ट मनात ठेवा: डिस्कवर फाइलीच्या मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, नंबर लिहिलेला असतो. नाव फक्त आपल्याला दाखवण्यापुरतं या यादीतून शोधलं जातं. शेवटी याच्यावरून मी कसा आपटलो ते येईलच.

खाती उघडणं, आणि किल्ली कोणाला द्यायची

सुडो ॲडयूजर काका

एवढ्यावर काम होतं. आज्ञेआधी सुडो लावलं की ती रूटच्या अधिकाराने चालते. स्पेलिंग एस-यू-डी-ओ. ॲडयूजर तुम्हाला पासवर्ड विचारेल, पूर्ण नाव विचारेल, '/होम' मध्ये काकांची खोली बांधून देईल. खात्याचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा, पूर्ण नाव देवनागरीत चालतं. नावात थोडा फरक असलेली 'यूजरॲड' म्हणूनही एक आज्ञा आहे. ती जुनी आणि मितभाषी आहे, सांगितल्याशिवाय घरसुद्धा बांधत नाही. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. काकांनी तीनदा "कीबोर्ड बिघडलाय" म्हणून उठायचा प्रयत्न केला. पासवर्ड ज्याचा त्यालाच टाइप करू द्या, तुम्ही खिडकीबाहेर बघा. पुढे विसरले तर 'सुडो पासडब्ल्यूडी काका' करून नवा घालता येतो. जुना कोणता होता हे मात्र तुम्हालाही कळत नाही. शॅडोमध्ये असतं ते पासवर्डचं एकतर्फी कूटरूप, त्यावरून उलटं मागे येता येत नाही.

माणूस तितकी खाती. 'पोरं' असं सगळ्यांचं मिळून एक खातं काढायचा मोह मलाही झाला होता. तसं केलं की कोणी काय केलं हे कळायची सोय गेली, म्हणजे पुन्हा पहिल्या जागेवर.

सुडो मात्र सगळ्यांना देऊ नका. 'सुडो' नावाच्या गटात जो असतो त्याला रूटची किल्ली मिळते. ती दोघांकडे असावी. एकाकडेच असली तर तो गोव्याला कामाला गेला की खोली बंद, आणि पाच जणांकडे असली तर ती किल्लीच राहत नाही. सुडो पहिल्यांदा वापरताना एक छोटा उपदेश दिसायचा, त्यातला पहिलाच मुद्दा दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखण्याचा. मी त्याकडे न बघता एंटर मारत असे. पण विचार करा, अक्काच्या घरात काय आहे ते मी केव्हाही बघू शकतो आणि तिला पत्ताही लागणार नाही. सुडो हातात असताना काय बघायचं नाही हेही शिकावं लागतं.

आता माझी फजिती. मला स्वतःला लग्नपत्रिकांच्या कामासाठी केलेल्या 'पत्रिका' गटात घालायचं होतं. मी लिहिलं 'सुडो यूजरमॉड', पुढे मोठा जी, गटाचं नाव आणि माझं नाव. गटात गेलो, आणि बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडलो, सुडोतूनसुद्धा. मोठ्या जीचा अर्थ 'याचे इतर गट एवढेच' असा होतो. त्याच्या आधी लहान ए लावला, म्हणजे '-एजी' केलं, तरच 'असलेल्यांत आणखी एक' असा अर्थ होतो. त्या वेळी किल्लीवाला मी एकटाच होतो.

सुटलो तो असा. मशीन बंद करून चालू करताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायचं, नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप दाबायचं. ग्रबची, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची यादी येते. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग रूट. तिथे आधी 'माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /' करायचं, कारण डिस्क त्या वेळी नुसती वाचण्यापुरती उघडलेली असते. मग 'ॲडयूजर', आपलं नाव, 'सुडो'. रीबूट. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या: मशीनसमोर बसून कुणीही हे करू शकतो. खोलीला खरं कुलूप पाहिजेच. या फजितीनंतर गटात घालायला मी आता 'सुडो ॲडयूजर अक्का पत्रिका' हीच सरळ रीत वापरतो. तीत चुकायला जागा नाही.

मालक, भाऊबंद आणि गाव

आता मुख्य भाग. इथे वेळ काढा. एखाद्या फोल्डरात 'एलएस -एल' करा. ओळीच्या सुरुवातीला असं काही दिसेल:

-आरडब्ल्यू-आर----- १ काका पत्रिका

पहिली जागा प्रकाराची. आडवी रेघ असली तर फाइल, डी असला तर फोल्डर. पुढे तीन-तीन अक्षरांचे तीन वाटे. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. आमच्याकडे हे समजवायला शेताचा उतारा पुरतो: मालक, भाऊबंद आणि गाव. आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, एक्स म्हणजे चालवणं. वरच्या ओळीत मालक काका वाचू-लिहू शकतात, पत्रिका गटातले भाऊबंद नुसते वाचू शकतात, गावाला काहीच नाही.

हेच आकड्यांत सांगायचं तर वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज करायची. वरची फाइल म्हणजे ६४०. बदलायचं असेल तर 'सीएचमॉड ६४० भिशी'. मालक बदलायला 'सीएचओडब्ल्यूएन', गट बदलायला 'सीएचजीआरपी'.

फोल्डरच्या बाबतीत या अक्षरांचे अर्थ वेगळे होतात, आणि तिथेच सगळे घसरतात. फोल्डरवर आर म्हणजे आतल्या नावांची यादी बघणं, एक्स म्हणजे आत पाऊल टाकणं, आणि डब्ल्यू म्हणजे आत नवी नावं घालणं आणि असलेली पुसणं. शेवटचं पुन्हा वाचा. फाइल पुसता येते की नाही हे फाइलीच्या परवानगीवर नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या परवानगीवर ठरतं. सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फोल्डरात काकांची वही 'नुसती वाचायची' करून ठेवली असती तरी त्या पोराला ती पुसता आली असती. करून बघा, नाहीतर पटत नाही.

काकांची खोली आता मुळातच बंद आहे. उबुंटू २१.०४ पासून नवं घर ७५० वर बांधलं जातं, म्हणजे गावाला प्रवेश नाही. त्याआधीच्या आवृत्तीवर बांधलेली घरं ७५५ ची, म्हणजे कुणीही आत डोकावावं. जुनं मशीन असेल तर 'एलएस -एल /होम' करून खात्री करा आणि 'सुडो सीएचमॉड ७५० /होम/काका' करून टाका.

राहिलं सामाईक काम. पत्रिका अक्का जुळवते आणि कन्नड मजकूर एक पोरगी तपासते. दोघींना एकाच जागेत लिहिता आलं पाहिजे. ती जागा अशी करायची:

सुडो ॲडग्रुप पत्रिका
सुडो ॲडयूजर अक्का पत्रिका
सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/पत्रिका
सुडो सीएचजीआरपी पत्रिका /एसआरव्ही/पत्रिका
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/पत्रिका

दुसरी ओळ त्या पोरीच्या नावानेही चालवायची. ७७० समजलंच असेल. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. तो लावला की आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप पत्रिका गटाची होते. नाहीतर अक्काने केलेली फाइल अक्काच्या खासगी गटाची होते आणि पोरगी बाहेरच राहते.

इथे तीन खाचा आहेत, तिन्हींत मी पडलोय. एक, गटात घातल्याचा परिणाम पुढच्या लॉगिनला होतो. अक्का आत बसलेली असताना गटात घातलं तर तिला दार बंदच दिसणार. बाहेर जाऊन पुन्हा आत यायला सांगा. दोन, नवी फाइल भाऊबंदांना लिहिता येईल अशी तयार होते का ते 'यूमास्क' टाइप करून बघा. ०००२ आलं तर ठीक, ००२२ आलं तर भाऊबंद नुसते वाचतील. तीन, घरातून कट-पेस्ट करून आणलेली फाइल आपला जुना गट घेऊनच येते. कॉपी-पेस्ट केली तर नव्या जागेचा गट मिळतो. आमच्याकडे "कापू नका, कॉपी करा" हे फळ्यावर खडूने लिहिलंय.

पोरांच्या सामाईक फोल्डरला मी ३७७० लावलंय. त्यातला जादा १ म्हणजे स्टिकी बिट. लिहू सगळे शकतात, पण फाइल पुसायची तर ज्याची त्यानेच, किंवा फोल्डरच्या मालकाने. '/टीएमपी' वर हीच खूण असते.

आणि ७७७. काही चाललं नाही की इंटरनेटवर हा रामबाण सांगतात: सगळ्यांना सगळं देऊन टाका. एका दुकानात मी हा आख्ख्या डिस्कवर चालवलेला बघितलाय. त्यानंतर सुडोच चालेना, कारण ७७७ घातलं की सुडोच्या फाइलीवरची सेटयूआयडी ही खास खूण पुसली जाते. शेवटी सगळं नव्याने घालावं लागलं. दार उघडत नाही म्हणून भिंत पाडायची नसते, कोणत्या वाट्यात अक्षर कमी आहे ते 'एलएस -एल' ने बघायचं.

ज्याची त्याची भाषा

आपल्या भागात याचा खरा उपयोग इथे आहे. एकाच मशीनवर अक्काचा मेनू मराठीत, पोरीचा कन्नडमध्ये आणि काकांचा त्यांच्या सवयीचा इंग्रजीत असू शकतो, कारण भाषा खात्यागणिक ठरते. लँग्वेज सपोर्ट उघडून दोन्ही भाषा एकदाच घाला, मग ज्याने त्याने आपल्या खात्यात आपली वर ओढून घ्यायची आणि बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं. भाषांतर सगळीकडे पुरं नाही, मधूनच इंग्रजी डोकावते. टायपिंगला आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज घातलं की दोन्ही लिप्यांचे इनस्क्रिप्ट वगैरे कीबोर्ड मिळतात.

फॉन्ट एकट्या अक्कालाच लागत असतील तर ते तिच्या घरातल्या '.लोकल/शेअर/फॉन्ट्स' मध्ये, सगळ्यांना हवे असतील तर '/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स' मध्ये. नंतर 'एफसी-कॅश -एफ'. यातल्या कॅशचं स्पेलिंग सी-ए-सी-एच-ई. जुन्या पत्रिका श्रीलिपी नाहीतर नुडीत असतील तर त्या फॉन्टशिवाय नुसता कचरा दिसेल. तो परवानगीचा घोळ नव्हे, उगाच सीएचमॉड करत बसू नका.

रोजचं

मशीन रखडलं की आधी 'हू' करा, आत कोण कोण आहे ते दिसतं. स्विच यूजर करून गेलेला माणूस बाहेर पडलेला नसतो, त्याचा ब्राउझर वीस टॅब घेऊन मागे बसलेलाच असतो. ४ जीबीत अशी तीन माणसं झाली की संपलं. 'टॉप' मध्ये कोण किती खातोय ते दिसतं. त्याला 'सुडो किल' आणि तिथे दिसणारा त्या प्रोग्रॅमचा नंबर, म्हणजे प्रोग्रॅमला आवराआवर करून जा असं सांगणं. ऐकलं नाही तरच 'किल -९', म्हणजे उचलून बाहेर. अशा वेळी न साठवलेलं काम जातं.

डिस्कवर किती जागा उरलीय ते बघायला 'डीएफ -एच' आठवड्यातून एकदा. नव्या दुरुस्त्या घ्यायला 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी अपग्रेड' दर रविवारी, पोरं यायच्या आधी. पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो. यूपीएस आवाज करायला लागला की 'सुडो शटडाउन -एच +५'. निरोप उघड्या टर्मिनलांवर जातो, ब्राउझरवाल्याला दिसेलच असं नाही, तेव्हा ओरडून सांगा. लाईट लगेच आली तर 'सुडो शटडाउन -सी' ने रद्द होतं.

प्रत (बॅकअप) काढणं यात बसत नाही, ते वेगळं आणि जास्त महत्त्वाचं. बाहेरची डिस्क ईएक्सटी४ वर फॉरमॅट करा. पेनड्राइव्हवरच्या फॅट प्रकारात मालक-भाऊबंद साठतच नाहीत. मग एका स्क्रिप्टमध्ये दोन ओळी:

माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/प्रत || एक्झिट १
आरसिंक -ए /होम /एसआरव्ही /एमएनटी/प्रत/

पहिली ओळ डिस्क लावलेली नसेल तर मागे फिरवते. ही ओळ नसेल तर आरसिंक, म्हणजे प्रत काढणारी आज्ञा, रिकाम्या फोल्डरात, म्हणजे त्याच मशीनच्या पोटात प्रत काढत बसतं आणि डिस्क भरते. या दोन्हींच्या वर, स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला '#!/बिन/एसएच' ही ओळ हवी. ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या क्रॉनने ती रोज चालवावी म्हणून स्क्रिप्ट '/ईटीसी/क्रॉन.डेली' मध्ये ठेवा आणि 'सीएचमॉड ७५५' करा. नाव नुसतं 'प्रत' ठेवा, 'प्रत.एसएच' नको. नावात टिंब असलं की क्रॉन ती फाइल बघतही नाही आणि तक्रारही करत नाही. मशीन रात्री बंद असतं, तेव्हा ॲनाक्रॉन घातलेलं असू द्या. हुकलेलं काम ते मशीन सुरू झाल्यावर करतं. आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल प्रतीतून परत आणून उघडून बघा.

कोणी गाव सोडून जातं तेव्हा

आमचा एक पोरगा आयटीआय करून पुण्याला लागला. खातं लगेच पुसू नका. आधी कुलूप: 'सुडो यूजरमॉड', मग मोठा '-एल', लहान '-ई', १ आणि खात्याचं नाव. मोठा एल पासवर्ड बंद करतो, आणि ई-१ खात्याची मुदत १९७० सालात नेऊन ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुठल्या वाटेनेही येता येत नाही. दिवाळीला आला तेव्हा त्याच्या घराची प्रत त्याला पेनड्राइव्हवर दिली आणि मग 'सुडो डीईएलयूजर --रिमूव्ह-होम' करून खातं काढलं.

त्याच संध्याकाळी मी एका नव्या पोरीचं खातं उघडलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, "दादा, ह्या फायली मी कुठं केल्या?" सामाईक फोल्डरात त्या पोराच्या जुन्या फाइली होत्या, त्याच्या घराबरोबर त्या गेल्या नव्हत्या. ॲडयूजर पहिला मोकळा नंबर देतं, तिला त्याचाच नंबर मिळाला, आणि डिस्कच्या लेखी नंबर हाच मालक. आता खातं काढलं की पुढची ओळ मी आधी चालवतो:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -नोयूजर

नंबर आहे पण त्याला माणूस नाही अशा फाइली ती दाखवते. त्या काकांच्या नावे करतो किंवा पुसतो. हे नवं खातं उघडायच्या आधीच करायचं. नंतर ही ओळ काहीच दाखवत नाही, कारण तोवर त्या फाइलींना नवा मालक मिळालेला असतो.